ते सव्वीस खंयचे?

कुडाळच्या इस्पितळात, पहिल्या मजल्यावर,
कॅथलॅबच्या दाराशी माझं टेबल आहे.
आत मनगटातून तार जाते हृदयापर्यंत.
बाहेर मी बेरीज करते.

गंगाराम जुवाटकर, सर्जेकोट.
वय?
सून म्हणाली, शहात्तर धरा.
पंचाहत्तरच्या वर, म्हणजे चार.
मधुमेह, तीन.
हिमोग्लोबिन दहा, तीन.
क्रिएटिनिन एक पूर्णांक सात, त्याचे पुन्हा चार.
चौदा झाले.
आणि शिरा दिसाव्यात म्हणून आत सोडायचा तो डाय,
दर शंभर मिलिलिटरला एक गुण.

पंधरा, मी म्हटलं.
पंधरा म्हणजे शंभरातल्या सव्वीस जणांची किडनी रुसते.
(‘रुसते’ म्हणायचं नाही, असं डॉक्टर सामंतांनी
मला दोनदा सांगितलंय.)
दोनशे गेला तर सोळा,
आणि सोळाला निम्म्याहून जास्त.

म्हातारा माझ्या कागदाकडे बघत होता,
जाळ्यात अनोळखी मासा यावा तसा.
मग म्हणाला,
“ते सव्वीस खंयचे?”

मला खरंच माहीत नव्हतं.
कुठल्यातरी थंड शहरातली हजारो माणसं असतील,
ज्यांनी कधी पेजेबरोबर खारा बांगडा खाल्ला नाही,
ज्यांच्या मनगटावर नायलॉनच्या दोरीने
असे तीन पांढरे चर पाडले नाहीत.
त्यांच्या रक्तावरून हे कोष्टक बसवलं,
आणि आता ते इथे
एका तांडेलाला लागू पडतंय. पडत असावं.

सही सुनेने केली. त्याने नुसता अंगठा हलवला.
आणि न विचारता सांगायला लागला:
खाडीच्या मुखावर रेती बसते,
होडी काढायची तर लाटा मोजाव्या लागतात,
तीन मोठ्या गेल्या की एक फट मिळते.
चाळीस वर्षं मोजल्या.
“माझो भाव मात्र भांगाच्या दिसाक गेलो.
पाणी जसो आरसो.
त्या दिसाक कोणी मोजूक नाय.”

माझ्या कोष्टकात शून्य गुणालाही
एक छोटासा आकडा असतो.
मी तो कुणाला वाचून दाखवत नाही.

आत सामंतांनी डाय थेंबाथेंबाने वापरला.
काचेपलीकडून मी ऐकत होते:
किती झाला? बेचाळीस.
किती? सत्तावन्न.
पडद्यावर क्षणभर शीर काळी उमटायची,
ओहोटीला चिखलात उघडी पडते ओहोळाची रेघ, तशी,
आणि पुन्हा पुसली जायची.
किती? एक्काहत्तर. बस्स.
स्टेंट बसला.

रात्रभर सलाइन, ताशी चाळीस. जास्त नाही,
हृदयाला तेवढंच झेपतं.
दर तासाला मी पलंगाखाली वाकून
पिशवीतलं पाणी मोजलं.
पंचेचाळीस. तीस. पहाटे तीनला फक्त अठरा,
आणि मी कुणालाही न सांगता
पाच मिनिटं तिथेच बसून राहिले,
मतलई सुटली होती, खिडकीचा पडदा बाहेर ओढला जात होता.
चारला पस्तीस.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन दोन.
बिघाड म्हणावा तर
अजून थोडं चढायला हवं होतं.
तर रजिस्टरमध्ये ‘नाही’.
सव्विसांत नाही.
खरं तर शाई त्या रकान्याला
चाटूनच गेली होती.

सून गोळ्यांच्या चिठ्ठ्या पिशवीत भरत होती.
तो खुर्चीतून उठला, दाराची चौकट धरली,
“मगे माझी जागा कोणाक दिलास?”
हसला नाही. उत्तराला थांबलाही नाही.

बाकावर कट्ट्याच्या एक शिक्षिका बसल्या होत्या,
मांडीवर फाइल, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.
मी नवा कागद ओढला.
पेनाचं टोपण उघडायला
त्या दिवशी जरा वेळच लागला.

वय?